मधली खोली

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे! लिफ्ट नेमकी आजच रुसली होती, त्यामुळे सगळं सामान चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच चढलं. आमच्या पुस्तकांच्या खोक्यांबद्दल हमाल जे काही पुटपुटत होते ते इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटचं खोकं आत आलं, दार लावलं आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरोबा आणि नऊ वर्षांची चिऊ, रिकाम्या दिवाणखान्यात फतकल मारून बसलो आणि उगाचच हसत सुटलो. स्वतःचं घर! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे आराखडे काढून काढून माझी बोटं झिजली. आता स्वतःच्या घराचा काढायचा.

ही रोजनिशी त्यासाठीच. ऑफिसात प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगत असते की भिंतीला हात लावण्याआधी घरात थोडं राहून बघा. ऊन कुठे येतं, चपला कुठे काढता, कशाला अडखळता, रोज चार ओळी लिहा. लोक हो म्हणतात आणि लिहीत नाहीत. मी मात्र लिहिणार. डॉक्टरनेच औषध टाळलं तर कसं चालेल?

तर घर. पुढे रस्त्याच्या बाजूला दिवाणखाना, त्याला उंच खिडक्या, खाली झाडांची रांग आणि पलीकडे बसथांबा. सगळ्यात मागे स्वयंपाकघर. त्या दोघांच्या मधे एक खोली, तिला खिडकीच नाही. बाजूने अरुंद बोळ, बोळाच्या दुसऱ्या अंगाला झोपायच्या दोन खोल्या. दिवाणखान्यातून पाणी प्यायला जायचं तर मधल्या खोलीला वळसा घालून बोळातून जावं लागतं. त्या खोलीचं दार बोळात उघडतं, आणि इतकं बुटकं की नवरोबांनी पहिल्याच फेरीत चौकटीला कपाळमोक्ष करून घेतला. चिऊने खोलीचं बारसंही केलं. "हे घराचं पोट," म्हणाली.

पोट काढायचं आहे. ती खोली गेली की पुढच्या खिडकीतला उजेड थेट मागच्या खिडकीपर्यंत जाईल. डोळ्यांसमोर आत्ताच दिसतंय.

५ फेब्रुवारी

आज मापं घेतली. फितीचं एक टोक चिऊकडे, एक माझ्याकडे. कोपरे काटकोनात नाहीत, जुन्या घरांत कधीच नसतात. तरी प्रत्येक भिंतीचं माप घेऊन कच्चा नकाशा याच वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवला.

मधली खोली मापायला आत गेले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दाराला आतून काहीच नाही, ना कडी ना मूठ. कडी फक्त बाहेरून. आणि समोरच्या भिंतीवर, माणूस जमिनीवर बसला तर त्याचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, एक गोल तेलकट डाग. शेजारी त्याच उंचीवर आणखी एक, जरा फिका. कोठीची खोली असावी. पोती टेकवून ठेवत असतील.

स्थापत्य अभियंता येऊन बघून गेला. आडोशाच्या भिंती आहेत, इमारतीचा भार त्यांच्यावर नाही, बिनधास्त पाडा म्हणाला.

मोकळ्या होणाऱ्या जागेवरून घरात रणधुमाळी चालू आहे. नवरोबांना भलंमोठं जेवणाचं टेबल हवंय. चिऊला झोपाळा. मला मधोमध ओटा हवा, म्हणजे भाजी चिरताना सगळ्यांची तोंडं दिसतील. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन करून विचारलं. ते सध्या नणंदेकडे आहेत, धूळ बसल्यावर इथे येतील. त्यांनी हे घर अजून पाहिलेलंही नाही. म्हणाले, "सूनबाई, माझी खुर्ची उन्हात ठेव. बाकी तुम्ही काय वाट्टेल तो राजवाडा बांधा."

९ फेब्रुवारी

पाडली!

गवंडीमामा सकाळीच दोन माणसं घेऊन आले. आम्ही झोपायच्या दोन खोल्यांच्या दारांना प्लॅस्टिक लावून आत दडून बसलो होतो, तरी धूळ आलीच. चहात, उशीत, चिऊच्या पापण्यांवर. ती पांढऱ्या पापण्यांनी आरशात बघून आजीबाईसारखं बोलत बसली.

भिंत पाडताना पहिली वीट निघते तो क्षण मला कामावरही फार आवडतो. भोकातून उजेडाची तिरीप आली आणि स्वयंपाकघराच्या दारावर पडली. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. गवंडीमामा हसले. मधल्या खोलीचं ते बुटकं दार सागवानी निघालं, चौकटीसकट. फेकू नका, म्हणाले. त्यांनी ते जिन्याखाली नेऊन ठेवलं.

संध्याकाळी सगळा राडारोडा खाली गेला. पुढून मागपर्यंत एकच मोकळा चौक. चिऊ इकडून तिकडे धावत सुटली.

१५ फेब्रुवारी

फरशी बसली. फिकट राखाडी, मोठ्या लाद्या. घर दुप्पट झाल्यासारखं वाटतंय.

एक गंमत लिहून ठेवते. आज नवरोबा दिवाणखान्यातून पाणी प्यायला निघाले आणि सरळ न जाता, बाजूने बोळाच्या जागेवरून वळसा घालून गेले. मी हसले तर म्हणाले, सवय. थोड्या वेळाने मी कात्री आणायला उठले आणि मीही वळसा घालूनच गेले. आम्ही या घरात भिंतीसोबत आठवडाभर तरी राहिलो होतो का? एवढ्यात सवय लागते?

२० फेब्रुवारी

अण्णा आले. काठी, औषधांचा डबा, रेडिओ आणि अंगावर चार किस्से, असा त्यांचा संसार. त्यांची खुर्ची खिडकीपाशी ठेवली. घर आवडलं. विशेषतः ऊन.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. दुपारी ते स्वयंपाकघरात यायला निघाले. मी गॅसपाशी उभी राहून बघत होते. मधे काहीसुद्धा नाही, मोकळी फरशी. अण्णा खुर्चीतून उठले, उजवीकडे सरकले, डावा हात खांद्याच्या उंचीवर हवेत धरला आणि चाचपडत, भिंतीला धरून चालावं तसे, बाजूने आले. हात अगदी सरळ रेषेत चालला होता. कोपरा जिथे होता तिथे वळला.

मी विचारलं, अण्णा, सरळ का नाही आलात? ते माझ्याकडे बघतच राहिले. "सरळ कसा येऊ? मधे खोली नाही का?"

आणि मग, चहा पिताना, अगदी सहज: ती खोली कुणाची? दार बंद असतं सारखं.

नवऱ्याला रात्री सांगितलं. त्याचा चेहरा पडला. वय झालंय त्यांचं, म्हणाला, डॉक्टरांना दाखवू. मलाही तेच वाटलं. पण अण्णांनी ती खोली कधीच पाहिली नव्हती. ते आले तेव्हा भिंती जाऊन अकरा दिवस झाले होते.

२२ फेब्रुवारी

उन्हाचं काहीतरी गणित चुकतंय. दुपारी ऊन खिडकीतून येतं, फरशीवर पसरत पसरत आत सरकतं आणि पूर्वी भिंत होती त्या रेषेवर कापल्यासारखं थांबतं. पुढे सावली. मधला चौकोनी तुकडा अंधारा, आणि त्याच्या पलीकडे स्वयंपाकघरात मागच्या खिडकीचा उजेड.

समोरच्या इमारतीची सावली असेल म्हणून खिडकीतून वाकून बघितलं. खिडकीवरचा छज्जा कुठवर येतो ते बघितलं. सूर्याचा कोन काढून कागदावर रेघा मारल्या. हे माझं रोजचं काम आहे, मी यात चुकत नाही. उजेड पलीकडच्या भिंतीपर्यंत जायला हवा.

जात नाही.

शिवाय धूळ. पाडकामाची धूळ महिनाभर निघत राहते, ते मला माहीत आहे. पण मी सकाळी पुसते आणि दुपारपर्यंत ती पुन्हा जमलेली असते, फक्त त्या रेषेवर. भिंतीच्या बुडाशी केर साचतो ना, तशी. एके ठिकाणी ती रेषा तुटते. दाराएवढी जागा सोडून पुन्हा सुरू होते.

नवऱ्याला दाखवलं. त्याने पायाने पुसून टाकली आणि म्हणाला की मी फार दमले आहे. त्याच्या आवाजात चिडचीड नव्हती. मला वाटतं त्यालाही भीती वाटली.

२४ फेब्रुवारी

सुतार ओट्याचा सांगाडा घेऊन आला. त्याने आणि त्याच्या मदतनिसाने दोन टोकं धरून तो दिवाणखान्यातून आत न्यायला सुरुवात केली, आणि मधेच सांगाडा अडला. हवेत. सुतार मदतनिसावर खेकसला की ढकल ना. त्याने ढकललं. लाकूड कुरकुरलं, पुढे सरकेना. सुताराने खाली वाकून बघितलं, फरशी गुळगुळीत. वर बघितलं. मग एक हात पुढे केला, तळवा उघडा ठेवून, आणि पटकन मागे घेतला. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा.

चहा घेतला नाही. उद्या येतो, म्हणाला. हत्यारांची पेटीसुद्धा इथेच टाकून गेला.

तो गेल्यावर मी तिथे जाऊन उभी राहिले. हात पुढे केला. मला काही लागलं नाही. मी आरपार चालत गेले. फक्त कानात दडे बसल्यासारखं झालं आणि रस्त्यावरच्या बसचे आवाज एकदम दूर गेले. खिडकी नसलेल्या खोलीत शिरल्यावर होतं तसं.

२६ फेब्रुवारी

अण्णांच्या कपाळाला टाके पडले.

सकाळी ते त्या चौकोनात शिरायला गेले. कुणीतरी आतून हाक मारली, असं म्हणतात. मी पाठमोरी होते. खाडकन आवाज आला, लाकडावर हाड आपटल्याचा. वळले तर अण्णा मोकळ्या फरशीवर बसलेले, कपाळातून रक्ताची धार. आजूबाजूला टेबल नाही, खुर्ची नाही, काही म्हणजे काही नाही.

दवाखान्यातून आल्यावर चिऊ त्यांच्या उशाशी बसली होती. शहाण्यासारखी त्यांची समजूत घालत होती. "वाकायचं असतं अण्णा. दार बुटकं आहे ना. मी नाही का, वाकूनच जाते."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं की कुठे जातेस? ती म्हणाली, मधल्या खोलीत. रोज शाळेतून आल्यावर. तिथे एक ताईआजी बसते. तिला एकटीला करमत नाही. सारखी म्हणते, बस ना जरा.

मी तिला ओरडले. खूप ओरडले. ती रडली. मग मीही.

२७ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. या इमारतीत सगळ्यात जुन्या त्याच. आधी म्हणाल्या, झालं गेलं कशाला उकरायचं. मी अण्णांच्या कपाळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला.

आमच्या घराचे आधीचे मालक आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच राहायची. बहीण मनाने अधू होती. एकदा घरातून निघून गेली, कुठेतरी लांब सापडली. तेव्हापासून भाऊ कामावर जाताना तिला मधल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचा. वाईट नव्हता हो, काकू पुन्हा पुन्हा म्हणाल्या. संध्याकाळी आला की तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसायचा, गप्पा मारायचा. ती गेली तीही तिथेच, भाऊ कामावर असताना. पण त्यानंतरही कित्येक वर्षं तो रोज त्या खोलीत जाऊन बसायचा. काकूंना खालून ऐकू यायचं. एक आवाज त्याचा.

आणि दुसरा? मी विचारलं.

काकू उठून चहा टाकायला गेल्या.

मालकांचा आणि आमचा कधी संबंधच आला नव्हता. ते दुसऱ्या गावी पुतण्याकडे राहतात, घराच्या व्यवहाराला पुतण्याच आला होता. त्याच्याकडून नंबर घेतला, फोन लावला. म्हातारा, बारीक आवाज. मी नाव सांगितलं, काय काय झालं ते सांगायला लागले, तर त्यांनी मधेच विचारलं, "खोली तशीच ठेवलीय ना?"

मी म्हटलं, नाही. पाडली.

मग, "आणि दार?"

"दारही काढलं."

"अहो, मग आत गेलेलं माणूस बाहेर कसं येणार?" म्हातारा रडायला लागला. "तिला कुणीतरी शेजारी लागतं. मी होतो इतकी वर्षं. मला झेपेना हो. म्हणून विकलं. तुमच्या घरात लहान मूल नाही ना?"

पुतण्याने फोन काढून घेतला. काकांची तब्येत बरी नसते, म्हणाला. ठेवला.

२८ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने वाद घातला नाही. उद्या चिऊ शाळेतून आली की नणंदेकडे जायचं ठरलं. घराचं काय करायचं ते तिथे बसून ठरवू.

दुपारी चिऊ फरशीवर बसून चित्र काढत होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तिच्यावर नजर ठेवूनच. हाक मारली. तिने मान वर केली नाही. पुन्हा मारली. ती चार पावलांवर होती. तिचे ओठ हलत होते, ती कुणाशी तरी बोलत होती, हसत होती, आणि तिचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा येत होता. दबका. भिंतीपलीकडून.

मी धावत जाऊन तिला उचललं. ती दचकली. म्हणाली, "आई, तू दार न उघडता कशी आलीस?"

तिचे हात गार होते. केसांना मागे तेल लागलं होतं. तिला मी आज तेल लावलेलं नाही.

१ मार्च

चिऊ नाही.

लिहिते, कारण लिहिलं नाही तर डोकं फुटेल. बॅगा दाराशी होत्या. टॅक्सी खाली उभी होती. लिफ्ट आजही बंद, नवरा अण्णांना धरून जिना उतरत होता. चिऊचा हात माझ्या हातात होता. बोळातून येताना — बोळ नाही तो, पण आम्ही सगळे तिथूनच चालतो — ती म्हणाली, तिला सांगून येते. हात सुटला. मी वळले. ती वाकली. दारातून जाताना वाकावं तशी वाकली, आणि नाही.

भर दुपारी. माझ्या डोळ्यांसमोर.

मी त्या फरशीवर इंचन् इंच हात फिरवला. नुसती गार लादी.

आणि मग आवाज. माझ्या गुडघ्यापाशी. अगदी इथेच.

"आई, दार बाहेरून बंद आहे."

संध्याकाळ

पोलीस येऊन गेले. घर, गच्ची, पाण्याची टाकी, सगळं. खालच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात अण्णा आणि नवरा उतरताना दिसतात. चिऊ उतरलेली दिसत नाही. माझ्याकडे ते वेगळ्या नजरेने बघतायत. बघू देत.

ते बोलत उभे होते तिथेच ती रडत होती. त्यांच्या बुटांपाशी. त्यांना ऐकू येत नाही. नवऱ्यालाही नाही. अण्णांना येतं. अण्णा जमिनीवर बसून तिच्याशी बोलतायत. रडू नको बाळा, आई काढते तुला.

कशी काढू?

दार नाही तर बाहेर कशी येणार, म्हातारा म्हणाला होता.

दार.

२ मार्च

गवंडीमामांना बोलावलं. खोली परत बांधायची. होती तशीच. त्याच रेषेवर, तेवढीच, तेच दार.

नवरा म्हणाला, तू वेडी झालीस का, पोर हरवलीय आणि तू भिंती बांधतेस. मी त्याच्या पाया पडले. तो पुन्हा पोलिसांकडे गेला. जाताना मामांना म्हणाला, ती सांगते तसं करा.

वहीचं मागचं पान फाडून मामांच्या हातात दिलं. माझी मापं. वाकड्या कोपऱ्यांसकट. त्यांनी जिन्याखालून दार वर आणलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते — त्यांनाही ऐकू येतंय. वीट ठेवतात, थांबतात, ऐकतात, पुढची ठेवतात.

भिंत कमरेपर्यंत आली तशी चिऊ रडायची थांबली. मी हाका मारल्या. मग म्हणाली, "आई, ती विचारते, तू येणार का."

३ मार्च

भिंती उभ्या राहिल्या. गिलावा नाही. चौकट बसली.

चिऊचा आवाज बारीक झालाय. भूक लागली म्हणत नाही. तहान लागली म्हणत नाही. झोप येते म्हणते. मी सांगते, झोपू नको, डोळे उघडे ठेव, मला कविता म्हणून दाखव. दोन ओळी म्हणते. तिसरी ओळ दुसऱ्या आवाजात येते. म्हाताऱ्या. प्रेमळ.

प्रेमळ आहे, हेच —

अण्णांशी बोलले. त्यांना सगळं कळलं, मी न सांगता. म्हणाले, मी जातो. माझं किती राहिलंय. ते वाकून दारात गेले. आत गेले, बाहेर आले. रिकामी खोली. ताईआजीने त्यांना घेतलं नाही.

तिने मला विचारलंय.

४ मार्च

मामा दाराशी. अण्णा दार धरून बसलेत, दोन्ही हातांनी. सांगितलंय — काही झालं तरी सोडायचं नाही. नवरा खालून येतोय. तो यायच्या आत जायचं, नाहीतर अडवेल.

वही घेते. पेन. फोनचा दिवा.

चिऊ, आले.

आत आहे. गेले तेव्हा रिकामी होती. कच्च्या विटा. जाऊन भिंतीला टेकून बसले. म्हटलं, मी बसते. तिला सोड. कितीही वेळ बसते.

मग कुशीतून काहीतरी सरकलं. ऊबदार. चिऊ — केसांचा वास — दिसली. उजेडाकडे पळाली. वाकली. अण्णांनी तिला मिठी मारली. दोन्ही हातांनी.

दार.

मी काही त्यांना दोष देत नाही. मीही तेच केलं असतं.

कडी बाहेरून सरकली. कुणी सरकवली नाही, मामांचे हात मला फटीतून दिसत होते.

बाहेर सगळे रडतायत. चिऊ आई आई करते. बरी आहे. बोलते, रडते, बरी आहे. आता बास. मला आता काही झालं तरी —

दार उघडलं त्यांनी. नवरा. माझ्याकडेच बघतोय. माझ्यातून बघतोय. मी ओरडले. उठता येत नाही. पाय आहेत, उठता येत नाही. तो म्हणतो, इथे कुणी नाही. मामांना विचारतो, कुठे गेली ती? भिंत चाचपतो. हात माझ्या तोंडासमोरून —

फोनचा दिवा मंद होतोय. मागच्या विटा गिलावा केल्यासारख्या लागतायत. गुळगुळीत. तेलकट.

शेजारी कुणीतरी आहे. बघत नाही. बघणार नाही. हळूहळू बोलते. माझं नाव विचारत नाही, मला ताई म्हणते.

बाहेर नवरा किंचाळतोय. म्हणतो, पाडा. सगळं पाडा, ती आत कुठेतरी अडकलीय, पाडा आत्ता. मामा नको म्हणतायत. अण्णा नको म्हणतायत. तो ऐकत नाही. सुताराची पेटी ओढल्याचा आवाज. हातोडा —

नको. दार ठेव. अरे दार तरी ठेव, दार राहिलं तर कधीतरी मला —

पहिला घाव. वीट पडली. मी बघते आहे, भोक पडलं, आणि उजेड आत येत नाहीये. दुसरा. चौकट. अरे चौकट नको, ऐक, मी इथेच आहे, तुझ्या पायाशी, मी

ती सरकते आहे. मला टेकायला जागा करून दे